छोटा ट्रॅक्टर घेताय? एचपी विचारण्याआधी या चुका टाळा

छोटा ट्रॅक्टर घ्यायला निघालेल्या माणसाच्या तोंडी पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती एचपीचा घेऊ?’ विकणाऱ्यालाही हा प्रश्न आवडतो, कारण उत्तर एका आकड्यात संपतं. पण दोन हंगाम गेल्यावर तोच माणूस ज्या तक्रारी सांगतो, त्यांत इंजिनाचं नाव क्वचित येतं. चाकं जागेवर फिरतात, तोंड वर उचलतं, लिफ्ट (मागचं अवजार उचलणारी यंत्रणा) अवजार घेत नाही, झाडांच्या ओळीत वळता येत नाही. छोट्या ट्रॅक्टरचं इंजिन दमायच्या आधी त्याचं वजन, पकड आणि लिफ्ट हात टेकतात.

इथे बोलतोय ते घराभोवतीच्या काही एकरांबद्दल. थोडी झाडं, बराचसा गवताचा पट्टा, कच्चा रस्ता, जमलं तर भाजीचा तुकडा. पूर्णवेळ शेतीचं गणित वेगळं, ते इथे लावू नका.

आधी ट्रॅक्टर, मग अवजार

मी स्वतः हीच चूक केली. ट्रॅक्टर दारात आला तेव्हा नांगर डोक्यात होता. वर्षभराने हिशेब केला तर नांगरट दीड दिवस झाली होती आणि गवत कापण्यात कित्येक दिवस गेले होते. शिवाय क्लच साधा, एकेरी. म्हणजे गिअर बदलायला क्लच दाबला की मागचं कापणारं यंत्रही थांबायचं. दाट गवतात गाडी जरा थांबवावी आणि पात्यांनी गवत खाऊन टाकावं, हे जमायचंच नाही. डबल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ (इंजिनाच्या जोरावर मागचं अवजार फिरवणारा शाफ्ट) असता तर अर्धा क्लच दाबून किंवा वेगळ्या लिव्हरने हे सहज झालं असतं.

एकेरी क्लचचा दुसरा त्रास जास्त धोक्याचा आहे. क्लच दाबला तरी फिरणाऱ्या जड पात्यांचा जोर उलटा गिअरबॉक्समध्ये येतो आणि ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. कुंपणाजवळ हा अनुभव एकदा आला की पुरतो. असा ट्रॅक्टर असेल तर पीटीओ शाफ्टवर एकाच दिशेने जोर देणारं ओव्हररनिंग कपलर बसवून घ्या. वस्तू छोटी आहे, काम मोठं करते.

म्हणून आधी वही घ्या. प्रत्येक कामासमोर वर्षात किती तास लागतील ते लिहा. जास्त तासांचं काम ट्रॅक्टर ठरवतं, सगळ्यात जड काम नाही. वर्षातून एकदा खोल नांगरायचं असेल तर ते भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरने करून घ्यावं. त्या एका दिवसासाठी उरलेले सगळे दिवस अवजड धूड वागवण्यात शहाणपण नाही.

गिअरचा प्रश्नही याच वहीतून सुटतो. सारखं पुढे-मागे, झाडाला वळसा, लोडरचं (पुढे बसवलेल्या, माती उचलणाऱ्या बकेटचं) काम असेल तर पेडलवर चालणारा हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चाकं फिरवणारा ट्रॅक्टर सुखाचा. लांब सरळ ओढीचं काम असेल तर साधे गिअर बरे, कारण हायड्रोस्टॅटिकमध्ये थोडी ताकद तेलातच जिरते.

बोनेटवरचा एचपी धरून अवजार घेणं

बोनेटवर लिहिलेला आकडा इंजिनाचा असतो. मागच्या पीटीओ शाफ्टपर्यंत त्यातला साधारण ८० ते ८५ टक्के पोचतो, हायड्रोस्टॅटिकमध्ये त्याहूनही थोडा कमी. म्हणजे २५ एचपीचा ट्रॅक्टर पीटीओवर २० ते २१ एचपी देईल असं धरा. फिरत्या पात्यांच्या गवत-झुडूप कापणाऱ्या यंत्राला दर फूट रुंदीमागे सुमारे ५ पीटीओ एचपी लागतात, असा जुना अंदाज आहे. त्या हिशेबाने या ट्रॅक्टरला ४ फुटी यंत्र शोभतं. दुकानात मात्र ५ फुटी जास्त आकर्षक दिसतं. माती भुसभुशीत करणाऱ्या रोटाव्हेटरला १ मीटर रुंदीमागे २० ते २५ एचपीचा ट्रॅक्टर धरतात. जमीन चिकट असेल तर वरच्या आकड्याकडे झुका.

उलटी चूकही होते. अवजार इतकं अरुंद घेतलं जातं की मागच्या चाकांची माग उघडीच राहते. रोटाव्हेटर फिरवून झाल्यावर बाजूला दाबलेला पट्टा दिसला की समजावं, रुंदी कमी पडली. अवजार चाकांच्या बाहेरच्या कडेपर्यंत पोचलं पाहिजे, नाहीतर निदान एका बाजूला सरकवून बसवता आलं पाहिजे.

आणि पीटीओचा वेग. बहुतेक अवजारं मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी बनलेली असतात. त्या फेऱ्या इंजिनाच्या एका ठरावीक वेगालाच मिळतात आणि मीटरवर तशी खूण असते. डिझेल वाचवायला थ्रॉटल कमी ठेवून गवत कापणारे लोक गवत कापत नाहीत, झोपवतात. इंजिन दबतंय असं वाटलं तर थ्रॉटल नाही, गिअर कमी करा.

हलका ट्रॅक्टर म्हणजे सोयीचा ट्रॅक्टर, हा समज

आयरिश अभियंता हॅरी फर्ग्युसनचा टीई-२० हा करड्या रंगाचा छोटा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांवर तयार झाला. त्याची ताकद प्रकारानुसार साधारण २० ते २८ एचपी, म्हणजे आज आपण ज्याला छोटा म्हणतो तेवढीच. पण वजन टनाहून जास्त होतं. आज त्याच एचपीचे काही ट्रॅक्टर ६००-७०० किलोंत मिळतात. हिरवळीवर ते छान. चाकाचे व्रण पडत नाहीत. पण नांगर ओढायला लावले की चाकं खड्डे पाडतात आणि मालक म्हणतो, ‘एचपी कमी पडला.’ एचपी पडून आहे, तो जमिनीत उतरत नाहीये.

टनावारी एचपी काढून बघा, दोन ट्रॅक्टरांमधला फरक लगेच डोळ्यांत भरतो. वजन वाढवायचे मार्ग आहेत: मागच्या चाकांना लोखंडी वजनं, टायरमध्ये व्हॉल्व्हच्या उंचीपर्यंत, म्हणजे साधारण ७५ टक्के पाणी. जिथे थंडीत पाणी गोठतं तिथे नुसतं पाणी भरू नका.

फर्ग्युसनचीच दुसरी देणगी म्हणजे तीन टोकांवर अवजार उचलणारी जोडणी, जी आज जवळपास प्रत्येक ट्रॅक्टरमागे दिसते. तिच्याबाबत तीन गोष्टी खरेदीआधी तपासा. पहिली, पिनेचं माप, जे जोडणीच्या ठरलेल्या आकारानुसार (कॅटेगरीनुसार) बदलतं. खालच्या दोन हातांची पिन कॅटेगरी १ मध्ये २२ मिलिमीटर, कॅटेगरी शून्यमध्ये १६ मिलिमीटर जाड असते. अगदी लहान ट्रॅक्टर शून्याचा निघाला तर बाजारातली, शेजाऱ्याकडची, भाड्याची अशी बहुतेक अवजारं त्याला सरळ बसत नाहीत. दुसरी, लिफ्टची क्षमता कुठे मोजली आहे. हातांच्या टोकाशी मोजलेला आकडा मोठा दिसतो. टोकापासून ६१० मिलिमीटर मागे मोजलेला लहान, पण अवजाराचं वजन खरोखर तिकडेच असतं.

तिसरी गोष्ट, लिफ्टने अवजार उचललं म्हणून ट्रॅक्टर ते पेलेलच असं नाही. एक गणित मांडतो. ट्रॅक्टर ७०० किलोंचा, त्यातले २८० किलो पुढच्या चाकांवर. दोन आसांमधलं अंतर दीड मीटर. मागे २५० किलोंचं अवजार, त्याचा मध्य मागच्या आसापासून दीड मीटर लांब. अवजार उचलताच पुढच्या चाकांवरचे २५० किलो उतरतात. उरले ३०. स्टिअरिंग फिरवा, ट्रॅक्टर सरळच जाईल. स्टिअरिंग ताब्यात राहायला ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के, म्हणजे इथे १४० किलो, पुढच्या आसावर राहिले पाहिजेत. ही तूट भरायला पुढच्या आसाच्या अर्धा मीटर पुढे सुमारे ८५ किलो वजनं टांगावी लागतील. हे पाच मिनिटांचं गणित घरी करा. रस्त्यावर तोंड उचलल्यावर करायला वेळ नसतो.

लोडर घेतला, मागचं वजन विसरलं

लोडरच्या बकेटमध्ये मावतं ते सगळं उचलायचं नसतं. ०.२ घनमीटरची बकेट ओल्या मातीने भरली की ३५० किलोंच्या पुढे जाते, आणि अगदी लहान ट्रॅक्टरचा लोडर तिथेच संपतो. पालापाचोळ्याने तीच बकेट शीग लावून भरा, काही होत नाही. लोडर चालवताना मागे जड अवजार किंवा वजनाची पेटी हवीच. नाहीतर सगळा भार पुढच्या आसावर येतो, मागची चाकं हलकी होतात आणि उतारावर ब्रेक दाबून उपयोग होत नाही, कारण बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. अशा वेळी फोर व्हील ड्राइव्ह लावलेला असेल तर पुढची चाकंही ट्रॅक्टर धरून ठेवतात. लोडर घ्यायचाच असेल तर टू व्हील ड्राइव्हचा विचार सोडून द्या. भरलेली बकेट नेहमी गुडघ्याखाली ठेवून चाला.

टायर, रुंदी, उंची

खोल खाचांचे शेतीचे टायर चिखलात धरतात, हिरवळ फाडतात. बारीक नक्षीचे हिरवळीचे टायर याच्या बरोबर उलट. मधले, जाड ठोकळ्यांचे औद्योगिक टायर लोडरच्या कामाला आणि खडबडीत रस्त्याला बरे, ओल्या मातीत बेताचे. फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या आणि मागच्या टायरचं प्रमाण गिअरशी जुळवलेलं असतं. त्यामुळे फक्त एका जोडीला ‘जरासा मोठा’ टायर घालायचा मोह टाळा, गिअरवर ताण येतो.

रुंदी मोजायला टेप घेऊन जा. ट्रॅक्टरची नाही, अवजाराची रुंदी फाटकातून जायला हवी. शेडचं दार मोजताना मागची संरक्षक कमान उभी धरून मोजा.

उतारावर धाडस

त्या कमानीबद्दल थोडं जास्त. कमान उभी आणि सीटबेल्ट बांधलेला, अशी जोडी आहे. ट्रॅक्टर उलटला तर बेल्ट माणसाला कमानीच्या आतल्या जागेत धरून ठेवतो. कमान दुमडलेली असेल तर मात्र बेल्ट बांधू नये, कारण तेव्हा तो माणसाला ट्रॅक्टरखालीच धरून ठेवेल. फांद्यांखाली जायला कमान दुमडली तर बाहेर पडल्याबरोबर उभी करा. कमान नसलेला जुना ट्रॅक्टर उताराच्या जागेसाठी घेऊच नये, कितीही स्वस्त मिळो.

छोटे ट्रॅक्टर अरुंद असतात, म्हणून आडव्या उतारावर लवकर कलतात. चाकांच्या डिस्क उलट्या बसवून रुंदी वाढवता येते का, हे घेतानाच विचारा. आणि बुंधा किंवा दगड ओढायचा तर साखळी फक्त खालच्या ओढपट्टीला. टॉपलिंकच्या (तीन टोकांच्या जोडणीतल्या वरच्या दांड्याच्या) जागी किंवा आसाच्या वर बांधली की बुंधा हलायच्या ऐवजी ट्रॅक्टर मागच्या आसाभोवती उभा राहतो, आणि क्लचवर पाय जायला सवड मिळत नाही.

जुना घेताना गरम इंजिन बघणं

तुम्ही पोचायच्या आधीच ट्रॅक्टर चालू करून ठेवला असेल तर चहा पिऊन परत या. थंड इंजिन कसं चालू होतं, तेच बघायचंय. पहिला थोडा पांढरा धूर जाऊ द्या; इंजिन तापल्यावरही निळा येत राहिला तर इंजिन ऑइल खातंय. गिअरबॉक्सचं ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. लिफ्टवर अवजार उचलून इंजिन बंद करा आणि इतर तपासणी सुरू ठेवा. दहा मिनिटांत अवजार जमिनीला टेकलं तर लिफ्टचं काम निघणार. पीटीओच्या दात्यांना बोट लावा, झिजून धार आलीय का बघा. तासांचं मीटर सगळ्यात शेवटी वाचा, कारण ते बदलता येतं. क्लच पेडलचं झिजलेलं रबर जास्त खरं बोलतं.

आणि सुटे भाग. दुर्मीळ मॉडेल स्वस्त असतं ते याच कारणाने. खरेदीआधी फिल्टर, क्लच प्लेट आणि वॉटर पंप या तीन वस्तू कुठे मिळतील ते शोधा. तिन्ही मिळत नसतील तर ट्रॅक्टर सोडून द्या.

बिघाड वाटतो, पण नसतो

गवत कापताना इंजिन तापलं तर आधी रेडिएटरची जाळी बघा. गवताचा भुसा तिथे चादरीसारखा बसतो, दिवसातून दोनदाही झाडावी लागते. लिफ्ट झटके देत उचलत असेल तर तेलाची पातळी आणि तेलाची गाळणी. टाकी कोरडी होईपर्यंत डिझेल चालवलं असेल तर नुसतं डिझेल भरून भागत नाही, बऱ्याच ट्रॅक्टरांत फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हवा काढावी लागते. कडक रस्त्यावर फोर व्हील ड्राइव्ह लावून वळताना ओढल्यासारखं वाटलं तर लिव्हर काढा. तिथे त्याचं काम नाही, पुढचे टायर मात्र झिजतात.

अवजाराच्या शाफ्टवरचा शिअर बोल्ट सारखा तुटतोय म्हणून जास्त कडक पोलादाचा घालणारे बरेच भेटतात. तो बोल्ट तुटण्यासाठीच आहे. तो तुटला नाही तर पुढची पाळी गिअरबॉक्सची. पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचेच पाच-सहा बोल्ट टूलबॉक्समध्ये ठेवा.

आणि चावी फिरवली, दिवे लागले, पण स्टार्टर हूं की चूं करत नाही? बॅटरीला हात लावायच्या आधी पीटीओची लिव्हर बंद आहे का, गिअर न्यूट्रलला आहे का, क्लच पूर्ण दाबलाय का आणि तुम्ही सीटवर नीट बसलाय का ते बघा. बऱ्याच ट्रॅक्टरांत यांतलं एक जरी चुकलं तरी सुरक्षेचा स्विच स्टार्टरला वीजच जाऊ देत नाही. माझ्याकडे पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी मेकॅनिकला बोलावलं होतं. त्याने एका बोटाने पीटीओची लिव्हर मागे सारली, चावी फिरवली आणि काही न बोलता मोटरसायकलला किक मारली.