एए मिटिंग कशी शोधावी आणि पहिल्यांदा कसं जावं

दारू सोडायची असं सकाळी ठरवलेलं संध्याकाळी सात वाजता का टिकत नाही, हे पिणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. काम सुटतं आणि पाय सवयीने त्याच गल्लीकडे वळतात. म्हणून मिटिंग शोधताना ती घराजवळ आहे की लांब, यापेक्षा आपल्या प्यायच्या वेळेला भरते का, हे आधी बघा. दोन बस बदलाव्या लागल्या तरी चालेल. तेवढा वेळही प्रवासात निघून जातो.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेत, ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात, शेअरबाजारात काम करणारा एक माणूस आणि एक सर्जन भेटले. दोघंही दारूने पोळलेले होते. आपला त्रास दुसऱ्या पिणाऱ्याशी बोललं की आजचा दिवस दारूशिवाय जातो, हे त्यांना उमगलं. आजही मिटिंगमध्ये चालतं ते हेच. फी नाही, फॉर्म नाही, धर्माची अट नाही. दारू सोडायची इच्छा असली की पुरे.

मात्र रोज भरपूर पीत असाल, तर आधी डॉक्टरांना गाठा. एकदम बंद केल्यावर हात थरथरणं, घाम येणं, झोप उडणं सुरू होतं. काहींना पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येते, भास होतात, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात यावर उपचार होतात. हे काम मिटिंगचं नाही.

आता शोध. एए इंडियाच्या अधिकृत वेबसाइटवर तुमच्या शहराचा किंवा जिल्ह्याचा हेल्पलाइन नंबर बघा. तिथे अडलं तर १४४४६ ही सरकारची नशामुक्तीची टोल फ्री हेल्पलाइन आहे. मन फार खचलं असेल तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र सुरू असतो, मराठीतही बोलता येतं. इंटरनेटवर शोधताना एक सांभाळा: आधी दिसतात त्या बऱ्याचदा खासगी केंद्रांच्या जाहिराती असतात. एएच्या नावाने कुणी प्रवेश फी मागितली, तर ती एए नव्हे. ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ म्हणणाऱ्या पुड्यांच्या वाटेला तर अजिबात जाऊ नका. दारूवर प्रतिक्रिया येणारं औषध नकळत पोटात गेलं आणि वरून माणूस प्यायला, तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

फोन सकाळी करा, डोकं स्वच्छ असताना. “मला दारू सोडायचीय, मराठी मिटिंग कुठे आहे?” एवढं म्हटलं तरी पुरतं. एएच्या हेल्पलाइनवर पलीकडे बहुधा स्वतः दारू सोडलेला सभासदच असतो, त्याला पुढचं समजतं. वार आणि वेळ बदललेली नाही ना, हे विचारून घ्या, कारण यादी जुनी असू शकते. मिटिंग ओपन आहे की क्लोज्ड, हेही विचारा. क्लोज्डमध्ये फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे ते बसतात, ओपनमध्ये बायको, भाऊ, मित्र कुणीही सोबत येऊ शकतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे “कुणी रस्त्यावर घ्यायला येईल का?” असं विचारा. मिटिंग शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये, कुठल्यातरी संस्थेच्या खोलीत भरते, आणि बाहेर ठळक पाटी असेलच असं नाही. फाटकाशी घुटमळून परत फिरणं फार सोपं असतं. कोपऱ्यावर कुणी “या, चहा घेऊ” म्हणत उभं असलं की माणूस आत जातो.

आत गेल्यावर मागच्या बाकावर बसलात तरी चालतं. नुसतं पहिलं नाव सांगा, आडनाव कुणी विचारत नाही. एकेक जण उठून आपलं शेअरिंग करतो. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ले देत नाही. तुमची पाळी आली आणि बोलावंसं वाटलं नाही, तर “आज फक्त ऐकतो” म्हणा. शेवटी पैशांसाठी थैली किंवा डबा फिरेल. नव्या माणसाने त्यात काही टाकायची गरज नसते.

पहिली मिटिंग आवडली नाही तर लगेच पाठ फिरवू नका. प्रत्येक ग्रुपची माणसं वेगळी, बोलायची रीत वेगळी. तीन-चार ग्रुप फिरून बघा. बायकांनी फक्त महिलांची मिटिंग आहे का, हे मुद्दाम विचारावं. पुरुषांनी भरलेल्या खोलीत आपली दारू बोलून दाखवणं त्यांना दुप्पट जड जातं. तालुक्याच्या गावी ग्रुप नसेल, किंवा तुम्ही परदेशात असाल, तर मराठीतल्या ऑनलाइन मिटिंगची चौकशी करा.

पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाच्या अशाच मिटिंग आहेत, १९५१ पासून. पिणारा यायला तयार नसला तरी त्याच्या बायकोने, आईने आपल्यापुरतं जावं. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे.

निघताना दोघा-तिघांचे फोन नंबर घ्या आणि त्याच रात्री एकाला नुसतं “घरी पोचलो” असं कळवा. एकदा बोलणं झालं की पुढे तलफ येईल तेव्हा, ग्लास हातात घ्यायच्या आधी, तोच नंबर लावायला संकोच वाटत नाही. मध्येच प्यायलात, तरी दुसऱ्या दिवशी त्यालाच फोन करा आणि पुढची मिटिंग कुठे आहे ते विचारा.