सीलिअ‍ॅक आहे आणि बाळाचा विचार चाललाय? मग आधी गिरणीपासून सुरुवात करा

मला सीलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. गहू सोडून मला चौदा महिने झाले होते. पोळी नाही, बिस्कीट नाही, लग्नात गेले तरी पंगतीत नुसता वरण-भात, आणि तरीही टीटीजीचा (या आजाराच्या अँटीबॉडी रक्तात किती आहेत ते मोजणाऱ्या टेस्टचा) रिपोर्ट ३६ वर अडकलेला, त्या लॅबमध्ये १० च्या आत नॉर्मल धरतात. डॉक्टर म्हणाल्या बाळाचं आत्ता नको, आधी हे उतरत का नाहीये ते शोधा. घरी येऊन मी रडत बसले आणि नवऱ्याने सहज विचारलं, आपण दादर दळून कुठून आणतो? (दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगितलं.) कुठून म्हणजे, कोपऱ्यावरच्या गिरणीतून. तिथे माझ्या आधी कोणाचे तरी दहा किलो गहू दळलेले असायचे, त्यांचं उरलेलं पीठ दगडात आणि त्या खालच्या कापडी नळीत बसलेलं, ते माझ्या दादरमध्ये उतरायचं, आणि ती भाकरी मी रोज दोन वेळा पथ्य म्हणून खायचे.

म्हणून काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं ते लिहितेय. मी डॉक्टर नाही. गोळ्यांचे डोस तुमच्या गायनॅक आणि पोटाच्या डॉक्टरांनीच ठरवायचे, पण काय विचारायचं ते आधी माहीत असलं की दहा मिनिटांच्या ओपीडीत काम होतं.

आधी आजार पक्का करा

बऱ्याच जणी पोट फुगतं म्हणून गहू स्वतःच बंद करतात, बरं वाटतं, मग टेस्ट करतात आणि ती निगेटिव्ह येते. येणारच, कारण गहू पोटात जात असताना शरीर ज्या अँटीबॉडी बनवतं त्याच ही टेस्ट मोजते. तेव्हा टेस्ट आधी, पथ्य नंतर. टीटीजी आयजीए आणि सोबत टोटल आयजीए (आयजीए हा अँटीबॉडीचा एक प्रकार), दोन्ही मागा, कारण सीलिअ‍ॅकवाल्यांत दोन-तीन टक्के लोकांचं आयजीएच मुळात कमी असतं आणि मग टीटीजी नॉर्मल दिसून फसवतो. मोठ्या माणसांत त्यानंतर बहुतेक वेळा दुर्बीण घालून लहान आतड्याचे बारीक तुकडे तपासायला घेतात, तीच बायोप्सी.

आमच्याकडे बाईच्या अंगात रक्त नसणं इतकं नेहमीचं आहे की पुढे कोणी विचारतच नाही. माझं हिमोग्लोबिन कॉलेजपासून आठच्या वर गेलं नाही, लोहाच्या गोळ्या चालूच, आणि एका डॉक्टरांनी तर आईसमोर विचारलं, गोळ्या फेकून देतेस का गं? गोळ्या पोटात जात होत्या, अंगी लागत नव्हत्या. लहान आतड्याला आतून नव्या टॉवेलसारखे बारीक बारीक फुलोरे असतात, अन्नातलं सत्त्व तेच ओढून घेतात. सीलिअ‍ॅकमध्ये गहू, जव आणि राय (गव्हासारखं परदेशी धान्य, आपली मोहरी नव्हे) यांच्यातल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच तिथे हल्ला करतं आणि तो टॉवेल झिजून सपाट होतो, मग लोह, फॉलिक अ‍ॅसिड, कॅल्शियम सगळं तसंच पुढे निघून जातं. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, दिवस राहत नसतील आणि कारण सापडत नसेल, गर्भपात परत परत होत असतील, तर जुलाब नसले तरी ही टेस्ट एकदा कराच.

किती थांबायचं

पथ्य न पाळता दिवस राहिले तर गर्भपात, कमी वजनाचं बाळ, वेळेआधी बाळंतपण यांची शक्यता वाढते. पथ्य कडक असेल आणि आतडं भरून आलं असेल तर हाच धोका जवळजवळ इतर बायकांइतका खाली येतो. म्हणून घाई नको. डॉक्टर साधारण सहा महिने ते वर्षभर पथ्य झालेलं, टीटीजी नॉर्मलच्या आसपास आणि रक्त सुधारलेलं बघतात. आतडं पूर्ण भरायला मोठ्या माणसांना दोन वर्षंही लागतात, तेवढं थांबायलाच पाहिजे असं नाही, आणि वय पस्तिशीच्या पुढे असेल तर आणखी किती थांबायचं हे डॉक्टरांशी स्पष्ट बोलून घ्या, सासूबाईंशी नाही.

नवऱ्याला सीलिअ‍ॅक असेल तर त्यानेही पथ्य पाळायचं. पथ्य न पाळणाऱ्या पुरुषांत शुक्राणूंवर परिणाम दिसतो, पण आपल्याकडे तपासण्या सगळ्या बाईच्याच.

एकाच दिवशी करून घ्यायच्या तपासण्या

सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२, फॉलिक, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, टीएसएच (थायरॉईडची), साखर आणि टीटीजी. थायरॉईड का, तर सीलिअ‍ॅकसोबत थायरॉईडचा आणि टाईप-१ डायबिटीजचा त्रास जास्त आढळतो, सगळं एकाच माळेतलं. रुबेलाची लस झालीये का तेही विचारा, ती दिवस राहायच्या आधीच घ्यावी लागते आणि नंतर महिनाभर थांबावं लागतं.

रक्त खूपच कमी असेल तर ते आत्ताच भरून काढा. गोळी लागत नसेल तर शिरेतून लोह देतात, पण दिवस राहिल्यावर पहिले तीन महिने ते टाळतात, म्हणजे नेमकं गरज असते तेव्हा हात बांधलेले.

गोळ्या

फॉलिक अ‍ॅसिड दिवस राहायच्या निदान एक महिना आधीपासून, तीन महिने मिळाले तर उत्तम, आणि पुढे बारा आठवडे. बाळाच्या मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आसपास बंद होते, तोवर पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि बऱ्याच जणींचं अजून दोन दिवस बघू असंच चाललेलं असतं. इतर बायकांना ४०० मायक्रोग्रॅम पुरतं, सीलिअ‍ॅकमध्ये शोषण कमी म्हणून बरेच डॉक्टर ५ मिलिग्रॅम देतात. त्याआधी बी-१२ बघून घ्या, जास्त फॉलिकने बी-१२ ची कमतरता झाकली जाते आणि आपल्यातल्या शाकाहारी बायकांत ती भरपूर असते.

सरकारी दवाखान्यात गरोदरपणात मिळते त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक असतं. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, एक सकाळी एक रात्री, आणि लोहाच्या मागेपुढे तासभर चहा नको (हे मला सगळ्यात जड गेलं). गोळीत स्टार्च असतो, बहुतेक वेळा मक्याचा, पण गव्हाचा नाही ना हे मेडिकलवाल्याला विचारायला लाजू नका, पाकिटावर कळलं नाही तर कंपनीच्या नंबरवर फोन करा.

घरातला गहू

ढोबळ हिशोब सांगते. एका पोळीला ३० ग्रॅम कणीक लागते, त्यात अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन. आणि सीलिअ‍ॅकवाल्याला दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात, म्हणजे पोळीचा अडीचशेवा-तीनशेवा भाग. तो तुम्हाला दिसणारसुद्धा नाही, हाताला लागलेलं पीठ असतं तेवढंच. म्हणून "थोडंसं खाल्लं तर काय होतं" याला माझ्याकडे हे आकड्याचं उत्तर असतं.

गिरणीचा उपाय म्हणजे घरघंटी, आणि तीही फक्त आपल्याच धान्याची, शेजारच्या काकू गहू घेऊन आल्या तर गोड बोलून नाही म्हणायचं. आमच्याकडे यावरून दोन महिने अबोला होता. घरघंटी परवडत नसेल तर आजेसासूबाईंचं जातं माळ्यावर असेलच, ते खाली काढा, टाकी लावून घ्या, आणि निवडताना ज्वारीतले गव्हाचे दाणे वेचा, ते असतातच. गिरणीशिवाय गत्यंतर नसेल तर पहाटे गिरण साफ केल्यावर पहिलं दळण तुमचं ठेवा आणि आधी दोन किलो तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढा. हे शंभर टक्के सेफ नाही, पण आधीपेक्षा बरंच बरं.

मग स्वयंपाकघर. भाकरीची परात वेगळी, तवा वेगळा, पोळपाट-लाटणं वेगळं (लाकडात पीठ मुरतं), गाळणी वेगळी. पोळ्या आधी आणि भाकरी नंतर असं नको, उलट करा. माझा डबा वरच्या फळीवर, गव्हाचा खाली, नाहीतर कणीक काढताना पीठ उडून बरोबर खालच्या डब्यात जातं.

खाण्याच्या बाबतीत खान्देशातली बाई नशीबवान आहे हे मी ठासून सांगते. पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी ग्लुटेन-फ्री ब्रेड शोधत फिरतात, आपल्याकडे कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, भरीत, डाळ-खिचडी, बाजरी, मका, भगर, राजगिरा, सगळं पिढ्यान् पिढ्या घरात आहे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं. तीळ, शेंगदाणे, गूळ, डाळी, अंडी, दूध, जळगावची केळी, यातलं काहीही बंद नाही. पाकिटातलं घेतलंच तर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं घ्या, त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं असा नियम आहे.

पण लपलेला गहू बघा. कुरडया गव्हाच्या असतात, बिबडे (पापड) ज्वारीचे, आणि दोन्ही एकाच तेलात तळले की बिबडेही गेले. बाजारातल्या हिंगाच्या डबीत बऱ्याचदा मैदा असतो, लेबल वाचा, तांदळाच्या पिठातला मिळतो. शेवया, लापशी, रवा तर उघडच आहेत. गरोदर बाईला ताकदीला म्हणून देतात ती दुधात घालायची पावडर, तिच्यात माल्ट असेल तर ते जवाचं असतं. ओट्स डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ढाब्यावरची शेवभाजी सोडा, शेव बेसनाची असली तरी ज्या कढईत समोसे तळले त्याच कढईतली असते.

आखाजी, कानबाई आणि घरचे

पथ्य मोडतं ते भुकेने नाही, भिडेने. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी खापरावरची पुरणपोळी चालू असते तेव्हा मी पुरण आणि आमरस माझ्या वाटीत आधीच काढून घेते, नंतर त्या रसात सगळ्यांच्या पोळ्या बुडतात. कानबाईचं (श्रावणातला आमच्याकडचा देवीचा सण) अवघड होतं. रोट गव्हाचे आणि प्रसाद घरच्यांनीच संपवायचा, नाही कसं म्हणणार. सासूबाईंचा पहिला प्रश्न, "गहू नही, मंग खाशी काय माय?" मी वाद घातला नाही, त्यांना पुढच्या अपॉइंटमेंटला सोबत नेलं. डॉक्टरांनी बायोप्सीच्या रिपोर्टवरचे फोटो दाखवून समजावलं तेव्हापासून माझा रोट मी कपाळाला लावते आणि दिराच्या मुलाला देते, आणि कोणी बोललंच तर सासूबाईच पुढे होतात. हे दिवस राहायच्या आधी करून घ्या, एकदा गोड बातमी कळली की प्रत्येक घरातून काहीतरी गव्हाचं गोड येतं आणि नाही म्हटलं की बाळासाठी तरी खा गं सुरू होतं.

दिवस राहिल्यावर

पथ्य तेच, आणखी कडक. मळमळीवर लोक खारी-टोस्ट सुचवतात, त्याऐवजी ज्वारीच्या लाह्या, मुरमुरे, भाजके शेंगदाणे उशाशी ठेवा. उलट्या फार होत असतील तर ते गर्भाचंही असू शकतं आणि चुकून गहू गेल्याचंही, अंगावर काढू नका. साखरेच्या तपासणीला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजतात, त्यात ग्लुटेन नसतं, बिनधास्त प्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे पहिल्याच दिवशी कार्डावर सीलिअ‍ॅक असं मोठ्या अक्षरात लिहून घ्या. नंदुरबारकडच्या आदिवासी गावांत अंगणवाडीत गरोदर बायकांना अमृत आहाराचं गरम जेवण मिळतं, तिथे सेविकाताईंना आधीच सांगा की मला चपाती नको, भात द्या.

सीलिअ‍ॅक आहे म्हणून सिझर करावं लागतं असं काही नाही. बाळंतपणाच्या बॅगेत मात्र लाह्या, राजगिऱ्याचे लाडू आणि घरून डबा आणणाऱ्याचं नाव ठरवून ठेवा, दवाखान्यात बाळंतिणीला हमखास उपमा नाहीतर शिरा येतो. डिंकाचे-मेथीचे लाडू नाचणीच्या पिठाचे छान होतात, अळिवाची खीर चालतेच.

आणि बाळ

आई-बाप किंवा भावंडांपैकी कोणाला सीलिअ‍ॅक असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण दहात एक. अंगावरचं दूध बिनधास्त पाजा. आपल्याला आहे म्हणून बाळाला गहू द्यायचाच नाही हे मात्र चूक, उशिरा दिल्याने आजार टळत नाही. सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू झालं की गहूही द्या, सुरुवातीला थोडा थोडा. वजन न वाढणं, सारखं पोट बिघडणं, चिडचिड दिसली तर लगेच, नाहीतर तीन वर्षांच्या आसपास टीटीजी करून घ्या, आणि तोवर गहू चालू असायला हवा.

माझ्या मुलीला सातव्या महिन्यात गव्हाची खीर सासूबाईंनी भरवली, तिच्या वेगळ्या वाटी-चमच्याने. भरवून झाल्यावर तिचं तोंड पुसलं, हात धुतले, स्वतःचेही धुतले, आणि मगच ती माझ्याकडे दिली.