मामोयादाचे मुखवटे टिपायला निघण्याआधी

तिकिटांच्या आधी तारीख पक्की करा. इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या डोंगराळ भागातल्या मामोयादा गावात मामुथोनेस, म्हणजे काळे मुखवटे नि घंटा घालून मिरवणारे सोंगाडे, वर्षात पहिल्यांदा बाहेर पडतात ते १७ जानेवारीला, संत अँथनीच्या दिवशी, होळीसारख्या पेटलेल्या जाळांभोवती. मग थेट कार्निव्हलचा रविवार आणि मंगळवार. हा मंगळवार ईस्टरच्या ४७ दिवस आधी येतो, म्हणजे दर वर्षी सरकतो. जानेवारीत अंधार नि आग, कार्निव्हलला बऱ्यापैकी दिवसाउजेड. एकदाच जाणं जमणार असेल तर मी जानेवारीच निवडेन, बोटं गारठली तरी. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. तो लांबणीवर टाकू नका.

सामान कमी न्या. ३५ मिमीची उजळ लेन्स कॅमेऱ्याला लावूनच ठेवा, कारण गर्दीत मागे सरकायला जागा मिळत नाही. लांबची लेन्स हवीच असेल तर ती दुसऱ्या कॅमेऱ्यावर असू द्या; राख उडत असताना लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर आपणच धूळ पेरणं. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. फ्लॅश घरीच ठेवा. जाळाचा तांबडा उजेड त्याने मरतो, आणि नाचणाऱ्यांच्या डोळ्यांवर झगझगाट होतो तो वेगळाच.

आता मुखवटा. तो लाकडी आणि काळा, अंगावर काळी लोकर, डोक्याला गडद रुमाल. चौकट या काळ्याने भरली की कॅमेरा त्याला करडं करायला बघतो आणि शेजारच्या इस्सोहादोरेसच्या, म्हणजे सोबत चालणाऱ्या दोरवाल्या सोंगाड्यांच्या, पांढऱ्या विजारी जळून जातात. उलट मागे फिकट आभाळ आलं की मुखवट्याचा नुसता कोळसा होतो. म्हणून एक्स्पोजर हाताने लावायची सवय आधीच करा. डोळे ओळखणाऱ्या फोकसवरही विसंबू नका. एकच बिंदू घेऊन तो नाकाच्या उंचवट्यावर ठेवायचा. गावातल्या भूमध्यसागरी मुखवट्यांच्या संग्रहालयात आधी चक्कर मारलीत तर हे चेहरे स्थिर असताना निरखता येतील. मिरवणुकीत तेवढी उसंत नसते.

खरी तयारी मात्र कानाची. साधारण १२ मामुथोनेस दोन रांगांत चालतात, पाठीवर घंटांचं ओझं, तेही ३० किलोच्या आसपास. पाऊल टाकताना ते खांद्याला हिसका देतात आणि सगळ्या घंटा एकदम वाजतात. तोंडातून मात्र अवाक्षर नाही. घंटा ऐकून बटण दाबलंत तर हिसका होऊन गेलेला असतो. त्यामुळे घरी व्हिडिओ लावा, पायाने ठेका धरा, आणि ठोक्याच्या किंचित आधी दाबायचा सराव करा. मधूनच सगळे मिळून उड्या मारतात, तेव्हा शटर १/५०० सेकंद बरं. एरवी १/३० वर घंटा धूसर होऊन मुखवटा त्यातल्या त्यात टिकतो. दहात एखादाच फोटो साधतो, पण तो बघितल्यावर बाकीच्या नऊंची हळहळ उरत नाही.

इस्सोहादोरेस तांबड्या अंगरख्यातले. त्यांच्या हातात ‘सोहा’ नावाचा दोर असतो आणि तो ते बघ्यांवर फेकतात. सापडलात तर हसून जवळ जा. ओढाताण करू नका. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात नको, अंगावरून तिरका घ्या.

मुखवटा उतरल्यावर समोर असतो तो दमलेला, घामेजलेला माणूस. त्याचा फोटो विचारूनच. ‘पोस्सो?’ (घेऊ का?) एवढं इटालियन पुरतं, आणि मान नकारार्थी हलली तर कॅमेरा खाली. रांगेच्या मधून आडवं जाणं तर सोडूनच द्या.

शेवटचं, पिशवीत एक जुना पंचा टाका आणि एक हात मोकळा राहील असं बघा. जाळाजवळ कुणीतरी स्थानिक कान्नोनाऊ वाइनचा पेला पुढे करतंच.