मुलांना संगणकावर मराठी लिहायला शिकवताय? या चुका टाळा

इंदुरातलं मराठी मूल आजीशी मराठी बोलतं, पण शाळेत लिहितं हिंदी नाहीतर इंग्रजी. मराठी लिहायची वेळ येते ती रविवारच्या वर्गात किंवा मंडळाच्या निबंध स्पर्धेत. रामबाग काय, सुदामानगर काय, असे वर्ग घेणाऱ्या ताई-दादांनी हल्ली लॅपटॉप आणि मोबाइल हाताशी घेतलेत. चांगलंच आहे. पण चुका सगळीकडे त्याच होतात, आणि त्यातली सर्वांत मोठी चूक तांत्रिक नाहीच.

वहीत लिहायचं आणि संगणकावर ‘फेअर’ करायचं

निबंध वहीत लिहून झाला, ताईंनी तपासला, मग मुलानं तो टाइप केला, फॉन्ट मोठा केला, वर फुलांची चौकट लावली. यात संगणकाचा उपयोग छापखान्यापुरताच झाला. एरवी वाक्य खोडून परत लिहायचं म्हणजे पान फाडावं लागतं, म्हणून मूल ते टाळतं. संगणकावर परिच्छेद उचलून वर नेणं, अर्धा निबंध कापून बघणं आणि पटलं नाही तर परत आणणं, यात काहीच मोडत नाही. हीच सोय वापरायची राहून जाते.

मात्र यंत्र दिलं म्हणून मूल आपसूक सुधारणा करेल, असं नाही. अमेरिकेतल्या लेखन-संशोधक नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० साली दाखवून दिलं, की विद्यार्थी फेरलेखन करतात म्हणजे मुख्यतः शब्द बदलतात. मुरलेले लेखक मात्र अख्ख्या लेखाची मांडणी हलवतात. पुढे १९९३ मध्ये बँगर्ट-ड्राउन्स यांनी वर्ड प्रोसेसरवरचे ३२ अभ्यास एकत्र तपासले. लेखन लांब झालं, दर्जा थोडा सुधारला, असं त्यातून निघालं. थोडाच. बाकीचं काम शिकवणाऱ्यालाच करावं लागतं.

करून बघा. विषय द्या ‘रंगपंचमीची गेर’, म्हणजे इंदुरातली रंगांची मिरवणूक. दहापैकी आठ निबंध ‘रंगपंचमी हा आनंदाचा सण आहे’ असे सुरू होतील. खरं वाक्य कुठेतरी सहाव्या ओळीत लपलेलं असेल: ‘टँकरचा फवारा तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला आणि राजवाड्यासमोर काका दिसेनासे झाले.’ मुलाला सांगा, हे वाक्य कापून सगळ्यात वर चिकटव, मग वाच. वरच्या पाच ओळींची गरज उरत नाही, हे त्याचं त्यालाच कळतं.

पहिल्या फेरीत शुद्धलेखनाकडे ढुंकूनही बघू नका. दुसऱ्या फेरीत फक्त वाक्यांची उलथापालथ, ऱ्हस्व-दीर्घ तिसऱ्या फेरीत. प्रत्येक खर्ड्याची वेगळी प्रत ठेवा, नाहीतर काय बदललं हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

कीबोर्ड हिंदीचा, निबंध मराठीचा

आपल्याकडच्या बहुतेक घरांत फोनवर ‘हिंदी’ आधीपासून असतं आणि ‘लिपी तर एकच आहे’ म्हणून मराठीही त्याच्यावरच चालते. मग सुचवणीतून ‘शक्ति’, ‘गति’, ‘स्थिति’ येतात. मराठीत ते शक्ती, गती, स्थिती. (समासात पुन्हा ‘शक्तिशाली’, ऱ्हस्वच. हे मुलांना एकदा नीट समजावून सांगावं लागतं.) ‘की’च्या जागी ‘कि’ येतो, ‘सडक’च्या ड खाली नुक्ता येतो आणि वाक्याच्या शेवटी टिंबाऐवजी दंड उभा राहतो. ताई म्हणतात, मुलाचं शुद्धलेखन कच्चं. अर्ध्या चुका फोनच्या असतात.

उपाय पाच मिनिटांचा. फोनच्या जीबोर्डमध्ये (गूगलच्या कीबोर्डमध्ये) भाषांच्या यादीत मराठी जोडा आणि वर्गापुरतं तरी हिंदी बाजूला ठेवा. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड जोडला, की विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबून भाषा बदलते. वर्डमध्ये मजकुराची प्रूफिंगची (शुद्धलेखन तपासणीची) भाषाही मराठी करा. ती हिंदी राहिली तर धडधडीत बरोबर शब्दांखालीही लाल रेघा येतात, आणि मूल बरोबरचं चूक करून टाकतं.

हिंदीची सावली वाक्यरचनेतही दिसते: ‘माझी मदत कर’, ‘मला बाजारात जाणं आहे’. या चुका कुठलाच कीबोर्ड पकडणार नाही. त्यासाठी मोठ्यानं वाचून घ्या.

‘ऱ्य’कडे वेगळं लक्ष द्या. ‘आचार्यांना वाढा’ आणि ‘आचाऱ्यांना वाढा’ यांत मंडळाच्या पंगतीत कोण जेवणार ते बदलतं! इनस्क्रिप्ट या सरकारी कीबोर्ड मांडणीवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. ‘ळ’साठी शिफ्ट आणि एन.

टायपिंगलाच लेखन समजणं

मध्य प्रदेशात सीपीसीटी या संगणक-टायपिंगच्या सरकारी परीक्षेमुळे टायपिंग क्लासांची सवय आहे, आणि पालक तोच वेग मराठी वर्गातही शोधतात. मिनिटाला किती शब्द, हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलाला विचारायचा नाही.

पण कीबोर्ड कोणता, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. रोमन अक्षरांत उच्चार टाइप करून मराठी मिळवणं सोपं आहे, म्हणून सगळे तेच करतात. मला ते नवशिक्यांसाठी पटत नाही. ‘पाणी’ लिहिताना ‘न’ की ‘ण’, याचा निर्णय मूल घेतच नाही, यादीतून उचलतं. इनस्क्रिप्टवर (१९८६ पासूनची सरकारी मांडणी) प्रत्येक वर्ण आणि मात्रा स्वतः दाबावी लागते. पाचवीच्या पुढच्या मुलांना रोज थोडा वेळ दिला की बोटं बसतात. त्याहून लहानांना हातानंच लिहू द्या. फोनवर बोटानं लिहायची सोय जीबोर्डमध्ये आहे.

जुन्या कॉम्प्युटरवरून आलेला मजकूर दुसरीकडे उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला, तर तो कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला आहे. मंगल किंवा दुसरा युनिकोड फॉन्ट नुसता लावून तो सुधारत नाही. कन्व्हर्टरमधून काढावा लागतो, आणि काढल्यावर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात.

बोलून लिहिणं: फसवं, पण कामाचं

गूगल डॉक्समध्ये मराठी बोलून टाइप होतं, मात्र मराठीत विरामचिन्हांच्या तोंडी आज्ञा चालत नाहीत. आजीनं सराफ्यातल्या जुन्या गमती सांगितल्या तर पानभर एकच वाक्य तयार होतं. त्याला निबंध म्हणून जमा करून घेऊ नका. ते फोडायला द्या. आजी कुठे थांबली, कुठे हसली, कुठे विषय बदलला, हे आठवत मूल पूर्णविराम आणि परिच्छेद बसवतं. विरामचिन्हं शिकवायला याहून बरा धडा मला माहीत नाही.

‘हे तू लिहिलंस का?’

चॅटबॉटचं मराठी गुळगुळीत असतं, त्यामुळे संशय येतोच. पण म्हणून चॅटबॉटचा मजकूर ओळखणाऱ्या साधनांच्या मागे लागू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्यापेक्षा लिहिणं गूगल डॉक्समध्येच ठेवा आणि संगणकावर फाइल मेनूतली व्हर्जन हिस्टरी मुलाबरोबर उघडा. कुठलं वाक्य कधी आलं, काय गेलं, बरंचसं दिसतं. अख्खा निबंध एका झटक्यात चिकटवला असेल तर तेही दिसतं, पण कदाचित तो वहीतून किंवा दुसऱ्या फाइलमधून आणला असेल. म्हणून दरडावण्याआधी विचारा: हे वाक्य का काढलंस? ज्यानं लिहिलंय त्याच्याकडे उत्तर असतं.

आणि तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी वय वाढवून खाती उघडू नका. आई-बाबांना गूगलच्या फॅमिली लिंकमधून रीतसर खातं काढून द्यायला सांगा.