पेन वाय फॅन आणि वर्म्स हेड एकाच वीकेंडला करताय? मग या चुका टाळा

कार्डिफ, ब्रिस्टल, अगदी लंडनकडची आपली मंडळी साउथ वेल्सला निघाली की प्लॅन जवळपास ठरलेलाच असतो, शनिवारी पेन वाय फॅनचा डोंगर आणि रविवारी गावर द्वीपकल्पाचा किनारा, वर्म्स हेड. प्लॅन भारीच आहे. पण बहुतेक जण तो उलट्या टोकाकडून करतात, म्हणजे आधी सगळ्यांच्या सुट्ट्या जुळवायच्या, मुक्काम बुक करायचा, गाडी ठरवायची आणि ओहोटी किती वाजता आहे ते रविवारी सकाळी चहा पिताना बघायचं. तेव्हा बघून काय उपयोग? आधी ओहोटी बघा, मग वीकेंड ठरवा.

वर्म्स हेड म्हणजे रॉसिली गावाच्या टोकाला समुद्रात घुसलेलं लांबुडकं बेट. तिथे चालत जायची खडकाळ वाट पूर्ण ओहोटीच्या (पाणी सर्वात खाली असतं त्या वेळेच्या) आधी अडीच तास आणि नंतर अडीच तास एवढीच उघडी असते. पाच तास ऐकायला भरपूर वाटतात, पण ही काय अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे जाणारी वाट नाही, इथे शिंपल्यांनी भरलेले धारदार, तिरके खडक आहेत, मधेमधे पाण्याची डबकी, एकेक पाय बघून टाकावा लागतो, पोरंबाळं बरोबर असतील तर एका बाजूलाच अर्धा तास सहज धरा. आणि हिशोबात लोक गंडतात ते इथे: ओहोटी तीनला असेल तर साडेपाचला वाट बंद होते, म्हणजे साडेपाचला बेटावरून निघायचं नाही, साडेपाचच्या आत अलीकडे पोचलेलं असायचं. पावणेपाचला परत फिरलात तर निवांत याल. बेटाच्या पार टोकाला जायचंय की नाही तेही आधीच ठरवा, पक्ष्यांच्या विणीच्या काळात ते टोक तसंही बंद असतं.

कोकणातल्या मंडळींची चूक वेगळीच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, चतुर्थी असेल तर तीन वाजता, हे आजोबांनी शिकवलेलं गणित मुंबई-रत्नागिरीकडे बऱ्यापैकी जुळतं पण वेल्समध्ये सपशेल चुकतं, कारण इथे अमावास्या-पौर्णिमेची भरती दुपारी बाराला नाही, सकाळी आणि संध्याकाळी येते. उधाण-भांग (मोठी आणि छोटी भरती) मात्र तिथीप्रमाणेच. तेव्हा गपचूप स्वान्सीचा किंवा जवळपासचा तक्ता बघा, आणि तो जीएमटीमध्ये (ग्रीनिच वेळेत) आहे का तेही बघा, कारण उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं आणि हा एक तासच घात करतो. या किनाऱ्यालगतच्या ब्रिस्टल चॅनेलमध्ये भरती-ओहोटीतला फरक जगात मोठ्यात मोठ्या फरकांपैकी आहे, पाणी कोकणापेक्षा कितीतरी जास्त चढतं, आणि तुम्ही सेल्फी काढत असता तेव्हा मागच्या घळी आधी भरतात.

अडकलातच तर? पोहून किंवा कमरेएवढ्या पाण्यातून यायचा प्रयत्न अजिबात नको, तिथे लोकांचे जीव गेलेत. वर कोरड्यात बसा, 999 ला फोन करून कोस्टगार्ड मागा. बंद झालेली वाट साधारण साडेसात तासांनी पुन्हा उघडते, थंडी वाजेल, पण जगाल.

आता डोंगर. पेन वाय फॅन 886 मीटर, आपला तोरणा 1403, त्यामुळे सह्याद्रीवाले हसतात आणि जीन्स घालून चढायला लागतात. पॉन्ट आर डाफच्या पार्किंगपासून दगडी फरसबंद वाट आहे, चढ सोपाच, उंचीचा काही विषयच नाही. विषय आहे वाऱ्याचा. खाली टी-शर्टवर बरं वाटतं, वर कॉर्न डूच्या (शेजारच्या शिखराच्या) खांद्यावर पोचलात की वारा असा येतो की छत्री उलटी होते, पॉंचो तोंडावर येतो आणि घामानं भिजलेली कॉटन जीन्स बर्फासारखी गार पडते. सुती काही नको, वारा अडवणारं जॅकेट आणि कोरडा जादा थर बॅगेत हवाच, जुलै असला तरी.

दुसरं म्हणजे ढग. माथा सपाट आहे, उत्तरेला सरळ कडा, आणि ढग उतरला की वाटा सगळ्या सारख्याच दिसतात. अशा वेळी पुढच्या घोळक्याच्या मागे जायची आपली सवय, तो घोळका नेमका उत्तरेकडच्या धारेनं ब्रेकॉन गावाच्या बाजूला उतरत असतो आणि तुमची गाडी पार्किंगला, ए 470 रस्त्यावर उभी! परतीला माथ्यावरून आधी पश्चिम-नैऋत्येला कॉर्न डूकडे, एवढं कंपासवर पाठ करून ठेवा. गूगल मॅपवर विसंबू नका, ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा ओएल 12 नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, फोन आतल्या खिशात ठेवा कारण थंडीत बॅटरी फार पटकन जाते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे आदल्या दिवशी सहाच्या आसपास असलेला सूर्यास्त एकदम पाचच्या आसपास येतो. त्या वीकेंडला हेडटॉर्चशिवाय निघू नका.

शनिवारी डोंगरावर ढग दिसले तर सरळ दिवसांची अदलाबदल करा, वर्म्स हेड शनिवारी आणि डोंगर रविवारी. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे रविवारी साडेबाराला असेल तर शनिवारी पावणेबाराच्या सुमारास मिळतेच.

अजून एक, बिल येईल या भीतीनं लोक फोन करत नाहीत. माउंटन रेस्क्यूवाले स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. डोंगरावर 999 लावून आधी पोलिस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू. गवत-झुडपातून आलात तर पायाला गोचीड चिकटलीय का तेही रात्री तपासा.

आई-बाबा भारतातून आलेले असतील तर त्यांना खडकांवर न्यायचा हट्ट नको. रॉसिलीला कड्यावरची वाट कोस्टवॉचच्या (किनाऱ्यावर लक्ष ठेवणाऱ्या स्वयंसेवकांच्या) चौकीपर्यंत जवळपास सपाट आहे, तिथून अख्खं बेट दिसतं आणि ओहोटीच्या वेळाही तिथे विचारता येतात. त्यांना तेवढं फिरवून आणा, मग तुम्ही पुढे जा, फक्त गाडीची चावी त्यांच्याकडे देऊन जा, त्या वाऱ्यात बाकावर दोन-तीन तास कोणी बसू शकत नाही.