पोरांच्या एन्झायटीला ‘जीन्समध्येच आहे’ म्हणताय? या चुका टाळा

मी शाळकरी पोरांचं काउन्सेलिंग करते आणि दहावी-बारावीच्या पालकांकडून तेच तेच ऐकून आता कान किटलेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एपिजेनेटिक्सवरचा (जीन्स कमी-जास्त कसे चालतात त्याचं शास्त्र) एखादा व्हिडिओ बघून पोराला लेबल लावणं. मागे एक बाबा लाळेच्या टेस्टचा रिपोर्ट घेऊन आले, लाल अक्षरात ‘स्ट्रेस जीन, हाय रिस्क’, आणि तो त्यांनी मुलासमोरच वाचून दाखवला. पोरगं अकरावी सायन्सला, सकाळी सहाला क्लास, मग कॉलेज, रविवारी टेस्ट आणि संध्याकाळी रँकसकट मार्क पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. दर शनिवारी रात्री पोटात दुखायचं. रिपोर्ट ऐकून ते एवढंच म्हणालं, “म्हणजे मी असाच राहणार का?” बाबा गप्प.

अहो, एपिजेनेटिक्स नेमकं उलट सांगतं. डीएनएची अक्षरं तीच राहतात, त्यावर मिथाइलसारख्या रासायनिक खुणा बसतात आणि कुठला जीन किती चालणार ते त्यावर ठरतं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाचं 2004 चं काम बघा, आईने कमी चाटलेल्या उंदराच्या पिल्लांत कॉर्टिसॉलसारख्या स्ट्रेस हार्मोनच्या रिसेप्टरच्या (हार्मोनचा निरोप पकडणाऱ्या प्रथिनाच्या) जीनवर जास्त खुणा होत्या, म्हणजे स्ट्रेसचा ब्रेकच ढिला, पण तीच पिल्लं जन्मल्या जन्मल्या मायाळू आईकडे दिली तर खुणा तिच्या पिल्लांसारख्याच बसल्या! माणसांत एफकेबीपी5 या स्ट्रेसशी जोडलेल्या जीनवर 2013 मध्ये जे संशोधन गाजलं ते लहानपणच्या अत्याचारांबद्दल होतं, युनिट टेस्टबद्दल नाही. शाळेच्या टेन्शनने पोराच्या मेंदूत काय खुणा झाल्या हे लाळेवरून कुणी सांगू शकत नाही, सांगत असेल तर तो धंदा आहे.

मी काय करते? रिपोर्ट ड्रॉवरमध्ये, टाइमटेबल टेबलावर. त्या बाबांना पहिलं ग्रुपवर मार्क बघणं बंद करायला लावलं आणि सकाळचा क्लास सोडवला. “पण मॅडम, सिलॅबस?” हा प्रश्न आलाच, येतोच. पोटदुखी एका आठवड्यात गेली नाही, हळूहळू कमी झाली, आणि ज्यांना महिनाभरात रिझल्ट हवा असतो त्यांना हेच पटत नाही.

झोप कापणं ही दुसरी चूक. या वयात आठ ते दहा तास लागतात, पाच तासांत भागवणाऱ्या टॉपरच्या गोष्टी मला सांगू नका.

भीती वाटते म्हणून टेस्टलाच दांडी मारू देणं. आज बरं वाटतं, पुढच्या वेळी भीती दुप्पट. अर्धा पेपर लिहून आलं तरी चालेल, पण जाऊ दे.

ब्रेन टॉनिक: पैसे वाचवा.

“आमच्या वेळी नव्हतं असलं काही”: होतं, बोलायची सोय नव्हती.

पोटदुखी, धडधड असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, सगळंच मनाचं नसतं. पोरगं शाळेत जायचंच बंद झालं, जेवण तुटलं तर सायकियाट्रिस्टकडे न्या, आणि जगण्यात अर्थ नाही असं काही बोललं तर ‘परीक्षा झाल्यावर बघू’ म्हणू नका, त्याच दिवशी दाखवा. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.