बाटलीसारखं फुगलेलं काटेरी झाड दिसलं तर

पार्कात किंवा सोसायटीच्या गेटजवळ मधेच पोट सुटल्यासारखं खोड असलेलं झाड दिसलं की बरेच जण लगेच गोरखचिंच म्हणून मोकळे होतात, पण आधी खोड नीट बघा. खोड हिरवट आणि त्यावर शंकूसारखे जाड टोकदार काटे असतील तर ती गोरखचिंच नाही, तिच्या खोडाला काटे नसतातच. हे बहुतेक सिल्क फ्लॉस ट्री असणार, शास्त्रीय नाव सेइबा स्पेसिओसा, मूळचं ब्राझील-अर्जेंटिनाकडचं, आणि तिकडे याला पालो बोराचो म्हणजे दारुडं लाकूड म्हणतात. फुगलेल्या खोडात पाणी साठवलेलं असतं.

आता खरा घोळ होतो तो काटेसावरीशी, कारण काटे दोघांनाही आणि पानंही दोघांची हाताच्या पंज्यासारखी. यावर माझा भरवशाचा उपाय म्हणजे खाली पडलेलं एखादं पान उचलून पर्णिकेच्या (म्हणजे पंज्यातल्या एका बोटासारख्या छोट्या पानाच्या) कडेवरून बोट फिरवायचं, बारीक करवतीसारखे दाते लागले तर सिल्क फ्लॉस, कड सरळ गुळगुळीत असेल तर काटेसावर. फुलं असतील तर प्रश्नच मिटला, याची गुलाबी, मधे पिवळसर पांढरी, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला येतात, सावरीची लाल आणि मांसल, जानेवारीनंतर.

फक्त काट्यांवर निर्णय घेऊ नका, जुन्या झाडाची साल राखाडी होते आणि काही झाडांना काटे फारच कमी असतात. आणि लहान मुलं बरोबर असतील तर खोडाला हात लावू देऊ नका प्लीज, काटे खरंच टोचतात.